सोळा पानांचा संग्रह

ऐंशीच्या दशकात अहेरीच्या बाजूला जेवढ्या कविता मेल्या, त्यातल्या निम्म्या तरी आमच्या डेपोवाल्या भाऊंच्या हातून मेल्या असतील. भाऊ लाकडाच्या डेपोत सागाच्या ओंडक्यांची प्रत ठरवायचे. ओंडका ठोकायचा, कान लावायचा आणि पोकळ निघाला की बाजूला काढायचा, ही त्यांची नोकरी. दुर्दैव असं, की रविवारी ते हीच नोकरी आमच्यावर करत.

बाजारातल्या छापखान्यात आम्ही चार-पाच कवी जमायचो. पुस्तिकेला कागद कोणता, मुखपृष्ठ कसं, अर्पण आईला की बायकोला, यावर तासन्‌तास काथ्याकूट चाले. कविता त्या मानाने कमीच असत. कुणी वाचू लागला की भाऊ डोळे मिटून टेबल ठोकत आणि निकाल देत, "पोकळ हाये. काढ थे." तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पोटभर जेवल्यासारखं समाधान दिसे. आमच्यातल्या एका मास्तरांची पुस्तिका त्यांनी ठोकून ठोकून एवढी हलकी केली, की मास्तर कविता सोडून शाळेच्या बागेला पाणी घालू लागले. "अरे, जंगल विरळ केल्याबिगर झाड भरत नाई," हे भाऊ वर ऐकवायचे.

मग भाऊंच्या निवृत्तीचा दिवस जवळ आला आणि निरोपसमारंभात स्वतःचा सोळा पानांचा संग्रह वाटायचं त्यांनी ठरवलं. जन्मभर त्यांनी याचीच वाट पाहिली होती. छापखान्यात टाईप जुळला, प्रुफं आली आणि भाऊंचं बोट सवयीने टेबलावर गेलं. रोज एखादी कविता पोकळ निघायची आणि छापखान्याचे मालक शिव्या गिळत जुळवलेली शिशाची अक्षरं सुटी करून परत खणांत टाकायचे.

"भाऊ, राहू द्या की एखादी," मी म्हणालो.

"नाई. लोकाईच्या काढल्या, माह्या काऊन ठेवू?"

या माणसाचा प्रामाणिकपणासुद्धा वैताग आणणारा होता.

समारंभात आमच्या हातात घडी घातलेला एक कागद पडला. आत एकच कविता, आणि ती चांगली होती. भाऊंच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, तो कागद उलटसुलट केला.

"काऊन जी, बाकीच्या कुठी गेल्या? मोहाच्या झाडाची? माह्या मायची?"

आणि स्वयंपाक करता करता ऐकून पाठ झालेल्या त्या दोन्ही कविता वहिनींनी बसल्या जागी म्हणून दाखवल्या. डेपोतले मजूर, साहेब, आमचे मास्तर, सगळे वहिनींकडे वळून बसले. मास्तरांनीच शेवटी विचारलं, "भाऊ, ह्या काऊन काढल्या?"

भाऊंनी हातातल्या कागदाची परत घडी घातली.

"माह्या तोंडून तं अशा नाई वाटल्या," ते म्हणाले.

छापखान्यात एव्हाना त्या कवितांच्या अक्षरांच्या लग्नपत्रिका झाल्या होत्या. मला भाऊंचा फार राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.