पुसलेली रेघ

कुठेही चुन्याच्या फक्कीचा वास आला की माझं डोकं आजही सणकतं. पारोळ्याच्या बाजाराजवळ मी नकाशा केलेल्या दुकानांच्या एका छोट्या इमारतीची जमिनीवर आखणी चालू होती. चैत्राचं ऊन, तडकलेली काळी माती, खुंट्यांना ताणलेली दोरी, आणि तिच्यावरून मी स्वतःच्या हाताने फक्की टाकत होते. कडेला पुरुषांची मुतारी आणि तिला लागून बायकांचा संडास, कारण बाजाराला खेड्यांतून बायाच जास्त येतात. तेवढ्यात मालक नाना आले आणि त्यांनी बुटाने बायकांच्या संडासाची रेघ पुसून टाकली आणि त्याच जागेकडे बोट दाखवत म्हणाले, "आठे अजून एक दुकान निंघी. बायास्नं काय, त्या घर जाईसन करतीन." मुतारीची रेघ मात्र त्यांनी तशीच ठेवली. साइटवर कुठे जायची सोय नाही म्हणून मी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. "नाना, मग आत्ता मी कुठे जाऊ, ते सांगा!" मी ओरडलेच. "बाई मानूसले असं बोलनं शोभस का?" म्हणत नानांनी पाठ फिरवली. परवा तिथून गेले. त्या जागी आता गाऊन-परकरांचं दुकान आहे, आणि वर मोठी पाटी लावली आहे: 'खास महिलांसाठी'.