दोन अन्नपूर्णा

लेक सासरहून कायमची परत आली, तेव्हा तिच्या एका हातात सूटकेस होती आणि दुसऱ्या हातात रुमालात बांधलेली अन्नपूर्णा. लग्नात मुलीबरोबर सासरी द्यायची म्हणून राजवाड्याजवळच्या बाजारात दहा दुकानं पालथी घालून ती पितळी मूर्ती मीच घेतली होती.

"हिला देवघरात ठेवू?" तिनं विचारलं.

"एका देवघरात दोन अन्नपूर्णा चालत नाहीत," मी फटकन म्हणाले. "आलमारीत ठेवून दे सध्या."

तो 'सध्या' तिला लागला असणार. मूर्ती घेऊन ती आतल्या खोलीत गेली.

खरं सांगते, शास्त्राचं मला काही पडलं नव्हतं. मूर्ती देवघरात बसली की मुलगी आता परत जाणार नाही हे पक्कं होणार होतं, आणि बडा गणपतीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत मला तोंड दाखवायचं होतं.

दर गुरुवारी आमच्या भजनी मंडळात निरूपण मी करते. येईल ते प्रसाद म्हणून घ्यावं, 'माझं असंच व्हायला हवं' हा हट्ट सोडावा, असं छान रंगवून सांगते. बायका माना डोलावतात. लेक येऊन महिना झाला, त्या गुरुवारीही डोलावल्या. निघताना एकीनं सहज विचारलं, "ताईजी, बेटी आली आहे ना? किती दिवस रुकणार?"

"आहे अजून थोडे दिवस," मी म्हणाले. घरी येईपर्यंत माझीच मला लाज वाटत राहिली.

साडी ठेवायला आतल्या खोलीतली आलमारी उघडली. मुलीच्या कपड्यांशेजारी, वाटीतल्या तांदळात अन्नपूर्णा बसली होती. कपाळावर ताजं कुंकू, पुढे चिमूटभर साखर. रोज अंघोळीनंतर मुलगी खोलीचं दार लावून घ्यायची. मला वाटायचं, रडत असेल. ती पूजा करत होती.

मलाच रडू कोसळलं. माझ्या घरात देवीला कपड्यांच्या कप्प्यात राहावं लागलं होतं, आणि मुलीलाही मी तसंच ठेवलं होतं.

मूर्ती देवघरात नेली. माझ्या अन्नपूर्णेच्या वाटीत दोघी मावेनात, म्हणून ताटली काढली, तांदूळ पसरले आणि दोघींना शेजारी बसवलं. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती.

"आई, पण मी वापस नाही जाणार, हां."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तांदूळ कमी पडतायत. डब्यातून आण थोडे."