नावेतून उडवलेला ड्रोन

धाकटीने आजही फोन उचलला नाही, आणि तिची ती बंद खोली माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

ऊन सोनेरी झालं की ही ड्रोन घेऊन बाहेर पडायची. विकायच्या घरांचे वरून फोटो काढणं हा तिचा धंदा. "आई, या उन्हात पडकं घरसुद्धा नवरीसारखं दिसतं," म्हणायची.

गेल्या महिन्यात तळ्याकाठच्या बंगल्यासाठी तिने नावेतून ड्रोन उडवला. बॅटरी संपत आली की तो जिथून उडाला तिथेच परत येतो. फोटोंच्या नादात नाव वाहत पुढे गेली. ड्रोन शहाण्यासारखा परतला आणि तिच्या डोळ्यांदेखत पाण्यात उतरला.

"तो बरोबर घरी आला गं, घरच जागेवर नव्हतं," एवढंच बोलली. कामं आधीच आटली होती, आता ती स्वतःही आटली. संध्याकाळ झाली की पडदे ओढून पडून राहते. नवीन घेऊ म्हटलं तर म्हणाली, "कशाला? मला आता काही बघावंसंच वाटत नाही."

तिच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे खोलीची किल्ली असते. "मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" म्हणून धाकटी माझ्याशी भांडेल. भांडू दे. काकूंना झोपेतून उठवावं लागलं तरी आत्ताच फोन लावते.