आयले घरा

आमची कप्तान आपला अख्खा दिवस एका दमात सांगायची. कबड्डीच्या चढाईत जसा एकच श्वास धरतात, तसा धरून. संध्याकाळी सराव संपला की आम्ही दोघी मैदानालगतच्या खाडीच्या बांधावर बसायचो. ती छाती भरून घ्यायची आणि सुरू व्हायची, "पहाटे उठले करंजा बंदराला गेले लिलावात बोंबलाची पाटी घेतली टेम्पोवाला उशिरा आला त्याला दोन शब्द सुनावले बाजारात बसले एक गिऱ्हाईक पापलेटाचे डोळेच बघत राहिलं त्याला म्हटलं लगीन करायचंय का हिच्याशी चार वाजता पोरींना मैदानात पळवलं आयले घरा."

शेवटचं "आयले घरा", म्हणजे घरी आले, हे दम तुटायच्या आत यायलाच हवं, हा तिचा नियम. चढाईला गेलेल्या खेळाडूने श्वास संपायच्या आत परत येऊन मध्यरेषेला हात लावायचा असतो, तसंच हे. माझा दम दुपारच्या जेवणापर्यंतच टिकायचा. ती शांतपणे म्हणायची, "बाद. तुजा दिवस तितंच रायला बघ."

ती गावातल्या मुलींच्या संघाची कप्तान होती. खेळायचं वय गेलं, गुडघा गेला, तरी तिचं नाव कप्तानच राहिलं. सकाळी पनवेलच्या बाजारात मासळी आणि संध्याकाळी मैदान, एवढंच तिचं आयुष्य. मी संघात राखीव होते. मला क्वचितच उतरवलं असेल, पण बांधावरची जागा मात्र माझीच होती.

मी आज पदवीधर आहे ती तिच्या दमामुळे. आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बाबा मिठागरावर कामाला. कॉलेजचं नाव काढलं की ते उठून अंगणात जायचे. एक दिवस कप्तान मासळीची रिकामी पाटी घेऊन आमच्या पडवीत आली आणि उभ्या उभ्या बोलू लागली. मी का शिकावं, शिकले नाही तर काय होईल, बसचा पास कुठे मिळतो, बसमध्ये माझ्यासोबत कोण असेल, सगळं एका श्वासात. बाबांना मध्ये बोलायला फट मिळेना. तिचा चेहरा लाल झाला तसे तेच घाबरून म्हणाले, "अगो बाय, दम घे."

तिने मान हलवली. उरल्यासुरल्या श्वासात म्हणाली, "तुमी हो बोला, मंग घेते."

बाबा हो म्हणाले.

पुढे मला लातूरला सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि बांधावरच्या गप्पा फोनवर गेल्या. आधी दोघींचे दिवस, मग कबड्डी. कबड्डी परदेशात कुठे कुठे पोचली याची तिला फार हौस. कुठल्या देशात मुली बूट घालून मॅटवर खेळतात हे मी वाचून सांगितलं, तेव्हा तिला काळजी लागली की माती लागत नाही तर त्या आंघोळ कशासाठी करतात. मी एकदा कुरकुरले, की खेळ असा बाहेर गेला तर आपला राहणार नाही, उद्या तेच आपल्याला हरवतील. ती म्हणाली, "हरवू दे की. आपल्याला हरवतील तवाच खेल खरा पोचला."

पनवेलच्या एका शिबिरात केनियाची एक प्रशिक्षक आली होती. तिने कप्तानला शिकवताना पाहिलं आणि परत गेल्यावर तिथल्या मुलींसाठी दर गुरुवारी व्हिडिओ कॉल सुरू केला. पहिल्या काही गुरुवारी इंग्रजीसाठी मीही फोनवर असायचे. नंतर कप्तानला माझी गरज उरली नाही. हातवारे आणि ओरडणं तिला पुरत होतं. त्या मुलींनाही तिने दिवस सांगायला लावला. त्यांना मराठी कशी येणार, असं मी विचारलं, तर म्हणाली, "दिवस त्यांच्या भाषेत. शेवटचं आपल्या भाषेत. रेघ आपली हाय ना."

मग तिकडून बोलावणं आलं, दोन महिने येऊन शिकवा म्हणून. कप्तानने पासपोर्ट काढला. त्यातला फोटो मला पाठवून विचारलं, "पोलिसांनी धरल्यासारी दिसते नाय?" त्या दिवसापासून आमच्या गप्पांत केनियाशिवाय दुसरं काही नसायचं. तिथे कुठली मासळी मिळते हेसुद्धा मला शोधून सांगावं लागलं.

याच सुमारास तिचे दिवस लहान व्हायला लागले. आधी त्यातून टेम्पोवाला गळला. मग गिऱ्हाइकं गेली. मग नुसतं, "बाजारात गेले, मैदानात गेले, आयले घरा." मला वाटलं, मोठं माणूस झाली आता. मी टोमणाही मारला, की कप्तान, परदेशी पोरींना सगळं सांगतेस, आमच्यासाठी दिवस उरत नाही वाटतं. ती हसली आणि हसता हसता खोकली. म्हणाली, शेजारीण मिरची कुटतेय.

मी त्या मिरचीवर विश्वास ठेवला. मी, जिला तिने इतकी वर्षं श्वास मोजायला शिकवलं होतं.

शेवटचा फोन एका रविवारी झाला. मी माझा दिवस सांगितला, नेहमीसारखी बाद झाले. मग तिची पाळी. तिने श्वास भरून घेतलेला ऐकू आला. मग दोनच शब्द आले, "आयले घरा." दम तुटला नव्हता, म्हणून मी म्हटलं, जिंकलीस. तिने फोन ठेवला.

ती घरी नव्हती. इस्पितळात होती, नाकाला ऑक्सिजनची नळी होती. तिची फुप्फुसं कित्येक महिने आतून घट्ट होत चालली होती. बाजार आणि मैदान केव्हाच सुटलं होतं. गुरुवारचा कॉल तेवढा ती खाटेवर बसून करायची. हे मला चार दिवसांनी तिच्या बहिणीने सांगितलं, तेव्हा कप्तान गेली होती. मला कळवू नको, असं तिनेच बजावलं होतं. म्हणाली होती, "ती नोकरी सोडून येल. जाम शिकलीय ती, वाया जायल."

पासपोर्ट बहिणीने मला दिला. त्यात एकही शिक्का नाही.

महिन्याभराने केनियाच्या त्या प्रशिक्षकाने मला एक व्हिडिओ पाठवला. लाल मातीचं मैदान, मध्ये चुन्याची रेघ. गुडघ्याला पट्टी बांधलेली एक उंच मुलगी पलीकडे उभी राहिली, छाती भरून घेतली आणि बोलू लागली. मला एक अक्षर कळलं नाही. पण कुठे तिला कुणाचा तरी राग आला होता ते कळलं, कुठे ती कुणाची तरी नक्कल करत होती तेही. बोलत बोलत ती रेघेकडे चालत आली. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मी इकडे लातूरला माझा श्वास धरून बसले होते.

माझा तुटला. तिने वाकून रेघेला हात लावला आणि स्पष्ट म्हणाली, "आयले घरा."

तिचा दम अजून उरला होता.