पारबताचा जागल्या

भूत, चकवा, अंगात येणं... माहा यातल्या कशावरच भरोसा नाई. सारी उमर वैनगंगेत जाळं टाकलं. रातबिरात मसणवटीच्या बाजूनं चालत घरी आलो, आन् मले कोणी कधी हाक मारली नाई. म्हणून इथं मोबाईलवर भुताच्या गोष्टी लिहिणारे लोक वाचले का मले हासू यायचं. आता मीच लिहून राह्यलो. चौथीपर्यंत शिकलो, चुका होतील, त्या पोटात घाला. पण मी लबाड नाई. एका शिकल्या-सवरल्या सायबानं मले लबाड म्हटलं, म्हणून हे लिहितो.

आरमोरीच्या अलीकडं नदीजवळ आमचं गाव. घर मातीचं, दोन खोल्यांचं. माही बायको पारबता मागच्या साली गेली. आमाले लेकरू नाई. मी गेलो का तिचं नाव घेणारं कोणी उरत नाई. एवढं ध्यानात ठेवा, मंग पुढचं समजन.

तिचं माहेर राजुऱ्याकडं, कोळशाच्या खाणीपाशी. लग्नाच्या आधी तिथल्या नाल्याच्या दरडीत तिले एक पिवळा दगड सापडला. बोराएवढा नाई, आवळ्यापेक्षा मोठा, जरा लांबट. उजेडात धरला का मधासारखा दिसे, आन् मधोमध एक काळा किडा, पाय पोटाशी घेतलेला. आमच्याकडं झाडाची राळ सारेच ओळखतात, धूप म्हणून निखाऱ्यावर टाकतात. तिलेही वाटलं का ही जुनी राळ हाय. गळ्यात बांधाले तिनं तापल्या सुईनं एका टोकाले भोक पाडलं. पुढं लग्नानंतर मले हिवताप चढला, तवा दुसऱ्या टोकाचा कोपरा फोडून निखाऱ्यावर टाकला आन् मले धुरी देल्ली. ताप उतरला. गोळ्यानं उतरला असं माहं म्हणणं, राळेनं उतरला असं तिचं.

तो दगड ती भिंतीतल्या कोनाड्यात ठेवे. भोक भिंतीकडं, तुटका कोपरा चुलीकडं, कधी बदल नाई. किड्याले ती जागल्या म्हणे, म्हणजे रातचा राखणदार. तिचं म्हणणं असं, का घरचं माणूस जिकडं असते, तिकडं जागल्या तोंड करते.

मी म्हणो, "दगडातला किडा फिरते कसा व? त्याले का बेअरिंग हाय?"

"मले का माईत. फिरते. तुमच्यावर नाई, त्याच्यावर भरोसा हाय माहा."

एकदा मी तेलंगणात मिरची तोडाले जातो म्हणून निघालो आन् दोस्तासंगं वडशाले नाटक पाहाले गेलो. वडसा उत्तरेले, तेलंगण दक्षिणेले. घरी आलो तं ताटात भाकर वाढता वाढता म्हणते, "नाटकात रडण्याचं होतं का हासण्याचं?"

मी म्हटलं, "कोणतं नाटक?"

"जागल्या वडशाकडं तोंड करून बसला होता. मिरची तिकडं कवापासून पिकाले लागली?"

कोणीतरी तिले सांगतलं असन, असं मी आजही म्हणतो. मी तवा कोनाड्यात पाह्यलं तं किडा चुलीकडं तोंड करून होता, आन् चुलीपाशी जेवत मीच बसलो होतो. मी घरी असताना तो दुसरीकडं पाहून राह्यला, असं मले कधी दिसलंच नाई. म्हणून मले वाटे का तो तसाच आहे, आन् तिले वाटे का तो फिरते. साऱ्या संसारात हे भांडण मिटलं नाई.

ती गेली. नदीकाठी सरण रचलं. नदी पश्चिमेले, कोनाड्याची भिंतही पश्चिमेचीच. नंतर मी कोनाड्याकडं पाह्यलंच नाई. पाहावत नव्हतं.

काही महिन्यांनी विद्यापीठातल्या एक मॅडम गावाकडं जुने दगड पाहाले आल्या. चहाले घरी बसल्या आन् कोनाड्याकडं पाहून चहा तसाच ठेवला.

"काका, हे अंबर आहे. राळ जमिनीखाली राहून राहून दगड झालेली. आत भुंगेरा आहे... असा भुंगेरा मी कुठंच पाहिलेला नाही. आणि इकडं अंबर सापडणं हेच नवल."

त्यांनी दगड होता तिथंच फोटू काढले. त्यातला एक मले मोबाईलवर मोठा करून दाखवला, तवा मी ती गेल्यावर पहिल्यांदा जागल्याले पाह्यलं. डोकं भोकाकडं होतं. भिंतीकडं, नदीकडं. मी डोळे पुसून पुन्हा पाह्यलं, तं तसंच. म्हटलं म्हाताऱ्याचे डोळे, कोणाले सांगता.

मॅडम म्हणाल्या, नवी जात निघाली तं तिले नाव द्यावं लागते. मी विचारलं, "कोणाचंही देता येते?"

"कोणाचंही. नियमानं शेवट थोडा बदलतो. पारबताबाईंचं दिलं तर पारबताए होईल."

"शेवटाले काहीही लावा, सुरुवात पारबता ठेवा."

"एक अडचण आहे. ज्या नमुन्यावरून जात लिहिली, तो संग्रहालयातच ठेवावा लागतो. परत मिळणार नाही."

तिची तेवढीच वस्तू घरात होती. लुगडी तिच्या बहिणींनी नेली होती. पण लुगडं फाटते, आन् पुस्तकात छापलेलं नाव राह्यते म्हणतात. मी दगड देल्ला.

मॅडमनं मेहनत केली, त्यात खोट नाई. फोन करून सांगत, आज मिशा मोजल्या, आज पाठीवरच्या रेघा काढल्या. मी बी विचारो, "पारबता कुठपर्यंत आली?" त्या हासत.

मंग तिचं वर्ष झालं. आमच्या घराण्यात वर्षानं मेलेल्या माणसाले घरात घेतात. नदीवर जायचं, नाव घेऊन हाक मारायची, लोट्यात पाणी भरायचं आन् मागं न पाहता घरी येऊन लोटा चुलीपाशी ठेवायचा. मी केलं. माहा भरोसा नाई, पण तिचा होता.

त्यानंतर मॅडमचा फोन आला. आवाज वेगळाच. "काका, तुम्ही इकडं येऊ शकाल का? काहीतरी गडबड झालीय."

एसटीनं विद्यापीठात गेलो. मोठ्या खोलीत मॅडम आन् त्यांचे वरचे सर. टेबलावर दगड. छापण्यासाठी शेवटचे फोटू काढाले दगड बाहीर काढला, तं किड्याचं डोकं तुटक्या कोपऱ्याकडं.

सर मले म्हणाले, "खरं सांगा, दगड दोन होते ना?"

"एकच होता."

"मग बदलला कोणी?"

"तुमच्या कपाटात होता. कुलूप तुमचं, चाबी तुमची. मी तं नदीवर होतो."

"फोटोत डोकं इकडं, इथं तिकडं. मेलेला भुंगेरा चालत नसतो, काका."

"मंग भोक पाहा. तापल्या सुईचं हाय, माह्या बायकोनं पाडलेलं. तुटका कोपरा पाहा, माह्या तापात जळाला तो. दुसरा दगड असा कुठून आणू? बाजारात भेटते का?"

त्यांनी भिंगातून पाह्यलं. भोक तेच. कोपरा तोच. आतली भेग तीच, भेगेपाशी हवेचा बुडबुडा तोच. तापली सुई लावली, निळा उजेड टाकला. राळ खरी, जुनी. दगड वितळून पुन्हा जोडल्याची कुठी निशाणी नाई. सारं तेच, फक्त किडा उलटा.

सरांनी भिंग खाली ठेवलं. मंग म्हणाले, "शंका असलेल्या नमुन्यावर नवी जात लिहिता येणार नाही. दगड घेऊन जा." आन् दारातून जाताना मॅडमले हळू म्हणाले, पण मले ऐकू आलं, "ही माणसं लबाड असतात."

बाहीर व्हरांड्यात मॅडमचे डोळे लाल झाले होते. "काका, त्याचं डोकं भोकाकडं होतं. मी स्वतः भिंगाखाली पाहून चित्र काढलंय."

"मंग तेच लिवा ना. आधी तिकडं होता, मंग इकडं झाला."

"असं कोणी छापत नाही."

"काऊन नाई? तुमी पाह्यलं ना? मी पाह्यलं ना? अजून किती जण पाह्यजेत?"

त्यायनं दगड माह्या हातात देल्ला. त्यायचीही मेहनत पाण्यात गेली होती, म्हणून मी जास्त बोललो नाई. दगड धोतराच्या सोग्यात बांधून आणला.

मले राग येते तो याचा. साऱ्या उमरभर मी म्हणत होतो का किडा फिरत नाई, आन् तो फिरला तं कवा फिरला? पारबताचं नाव लागणार होतं तवाच. आणखी कोणी नाई, तिच्याच जागल्यानं तिचं नाव पुसलं. आन् आता खरंखोटं करावं तं तेही जमत नाई. मी घरी असलो तं बाहीर कोणी नाई. मी बाहीर गेलो तं कोनाड्यात पाहाले कोणी नाई. पाहणारी एकच होती.

राळेत पाणी शिरलं असन, ऊन लागून किडा सरकला असन, असं गावचे मास्तर म्हणतात. मॅडमले विचारलं, तं त्या म्हणाल्या असं होत नाही. मंग कसं होते, तं तेही माईत नाई म्हणतात. तुमच्यात कोणाले माईत असन तं लिवा. उगाच भूतबीत सांगू नका.

दगड मी तिच्यासारखाच ठेवला आहे. भोक भिंतीकडं, तुटका कोपरा चुलीकडं. चुलीकडं मी फिरकत नाई, बाहीरच्या खोलीत दाराशी बसतो, तिथंच बसून हे लिहितो. आता उठून पाहून आलो. जागल्याचं तोंड माह्याकडं नाई, चुलीकडंच आहे. चुलीपाशी नदीवरून आणलेला लोटा ठेवला आहे, आन् दुसरं कोणी नाई.