कालच्या तारखेची तिकिटे

खंडाळ्याला जायचे ठरले आणि पहिले भांडण झाले ते तिकिटांवरून. वडील ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. मे महिन्याची सुटी लागली होती. थोरल्या भावाला कार्तिकापासून ताप आणि खोकला होता. फाल्गुनात थुंकीत रक्त दिसले. पावसाळ्याआधी महिनाभर घाटावरची हवा मिळाली तर छाती सुधारेल, ठाण्याच्या दमट हवेत पावसाळा काढला तर काही सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. ओळखीच्या एका वाण्याने खंडाळ्याला आपल्या वखारीवरची खोली देऊ केली होती. भावाला तो महिना मिळवून द्यायचा, एवढ्यासाठी ती सुटी होती.

आई येणार नव्हती, कारण बहीण बाळंतीण होती. तरी तिकिटांबद्दल सर्वांत मोठा आवाज तिचाच होता.

"अहो, दुसऱ्या वर्गाची काढा. तिसऱ्या वर्गात माणसं कोंबतात. त्याला टेकायला तरी मिळेल का?"

"दुसऱ्या वर्गात साहेबांचे बटलर बसतात. पहिल्या खोकल्याला खाली उतरवतील त्याला," वडील म्हणाले.

"मग त्याचं एकट्याचं दुसऱ्या वर्गाचं काढा."

"आणि चक्कर आली तर धरील कोण? बटलर?"

उन्हाळ्यापुरत्या सवलतीच्या तिकिटांची जाहिरात स्टेशनावर लागली होती. जायचे आणि यायचे एकदम काढले तर भाडे कमी पडे. परतीचा अर्धा तुकडा महिनाभर चालणार होता. मी मुंबईला एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम नुकतेच धरले होते आणि छापलेले सगळे शेवटपर्यंत वाचायची सवय लागली होती. जाहिरातीच्या तळाला बारीक टाइपात एक ओळ होती: जाण्याचा तुकडा ज्या दिवशी काढला त्याच दिवशी वापरावा. ती मी वाचली होती.

भाऊ भिंतीला टेकून ऐकत होता. "माझं एकेरीच काढा बाबा," तो म्हणाला. "परतीचा तुकडा फुकट जायचा."

वडिलांच्या हातात तांब्या होता. तो त्यांनी फेकून मारला. तो भावाच्या खांद्यावर बसला आणि पाणी भिंतीवर उडाले. आई मध्ये पडली. भाऊ हसत होता. हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. मग वडिलांनी तांब्या उचलून जागेवर ठेवला. तिघांची तिसऱ्या वर्गाची, जाण्यायेण्याची तिकिटे काढायची, असे त्यांनी सांगितले.

वाण्याचा माणूस खोली उघडून द्यायला खंडाळ्याला यायचा होता तो अमावास्येला. त्या दिवशी आमच्याकडे कोणी प्रवासाला निघत नसे. अशा वेळी प्रस्थान ठेवतात. आदल्या चांगल्या वेळी तांदूळ, सुपारी आणि प्रवासाची एखादी वस्तू फडक्यात बांधून जायच्या वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असे धरतात. दुसऱ्या दिवशी गाठोडे उचलून पुढे निघायचे. गाठोड्यात धोतर किंवा उपरणे घालण्याची रीत होती. वडिलांनी त्यात आपली भर घातली. रेल्वेचा प्रवास तिकिटापासून सुरू होतो, म्हणून गाठोड्यात तिकिटेच हवीत, असे ते म्हणाले. तेव्हा तिकिटे आदल्या दिवशी काढायला मला पाठवले. बारीक टाइपातल्या ओळीबद्दल मी बोललो नाही. तांब्याची गोष्ट आदल्याच दिवशीची होती.

तिसऱ्या वर्गाची खिडकी गाडीच्या आधी थोडाच वेळ उघडत असे. ती उघडली की रांग राहत नसे. एक शिपाई वेताची छडी घेऊन उभा असे आणि "मागं सरा, मागं सरा" म्हणत पुढच्यांनाच मारी, कारण मागचे त्याच्या हाताला येत नसत. त्या दिवशी एका म्हाताऱ्याचे पागोटे पडले. ते उचलायला तो वाकला आणि वर आला तेव्हा त्याचे नाक फुटले होते. माझ्या मानेवर दोन छड्या बसल्या. खिडकीतल्या बाबूने तिकिटांवर तारीख उठवताना विचारले, "आजच जाताय ना?" माझ्या पाठीत कोणाचे तरी कोपर होते. मी "हो" म्हणालो.

अमावास्येला सकाळी शेजाऱ्यांच्या घरून गाठोडे उचलले आणि आम्ही गाडीत बसलो. ठाण्याच्या फाटकावरच्या माणसाने न पाहता तिकिटांना भोके पाडली. डब्यात भावाला खिडकीजवळ जागा मिळाली. वडील खुशीत होते. "बघ, अमावास्या असून कसं सुरळीत झालं," ते मला म्हणाले.

कल्याणला पुण्याचा फाटा सुटतो. इंजिन पाणी घेईपर्यंत गाडी थांबते आणि तेवढ्यात तिकिटे तपासतात. तपासनीस बूट-टोपीवाला होता. त्याने तिकिटे उजेडात धरली.

"ये कल का है. नीचे उतरो."

वडील खाली उतरले आणि समजावू लागले. प्रवास कालच सुरू झाला आहे, गाठोडे शेजाऱ्यांकडे ठेवले होते, हवे तर शेजाऱ्यांना तार करून विचारा, असे त्यांनी कोर्टात जबानी द्यावी तशा शांतपणे, क्रमवार सांगितले. तपासनीस आधी ऐकत होता, मग हसला. हमालही हसले.

"अरे, भटजीचं तिकीट काल गेलं, भटजी आज निघालाय!" एक हमाल म्हणाला.

तपासनिसाने तिकिटे खिशात टाकली. वडिलांनी त्याचे मनगट धरले. "परतीचे तुकडे द्या. ते चालतात. ते महिनाभर चालतात."

त्याच्या दुसऱ्या हातात भोके पाडायचा लोखंडी चिमटा होता. तो त्याने वडिलांच्या डाव्या कानावर मारला. वडिलांनी जन्मात बाहेरच्या माणसावर हात उचललेला मी पाहिला नव्हता. त्यांनी हातातली छत्री उलटी धरली आणि तिच्या मुठीने तपासनिसाच्या तोंडावर दोनदा मारले. त्याची टोपी रुळांवर पडली. मग दोन शिपाई धावून आले. एकाने वडिलांची शेंडी धरून त्यांना खाली पाडले. दुसऱ्याने कमरेचा पट्टा काढला आणि बक्कल मोकळे ठेवून मारायला सुरुवात केली. मी मध्ये गेलो तर पोटात लाथ बसली आणि मी गुडघ्यांवर आलो. तपासनीस चिमट्यानेच मारत होता, पाठीवर, हातांवर, जिथे लागेल तिथे. डब्यातले लोक खिडक्यांतून पाहत होते. कोणी उतरले नाही.

भाऊ उतरला. तो सरळ पट्ट्याने मारणाऱ्या शिपायाच्या मागे गेला आणि दोन्ही हातांनी त्याचा गळा आवळला. शिपायाने अंग झटकले. भाऊ सामानाच्या हातगाडीवर छातीने आदळला आणि खाली बसला. त्याच्या तोंडातून रक्त आले, थोडे नव्हे, ओंजळभर, आणि पुन्हा तेवढेच.

मारणे थांबले. शिपाई आपले हात पाहत मागे सरकला. "आम्ही काय नाय केलं. तो आधीच आजारी हाय," तो म्हणाला. त्याला काही विचारलेले नव्हते.

स्टेशनमास्तर आले. त्यांनी भावाकडे पाहिले, घड्याळ पाहिले आणि मला बाजूला घेतले.

"क्षय आहे?"

"हो."

"इथे गेला तर चौकशी होईल. तुमच्या वडिलांनी रेल्वेच्या नोकरावर हात टाकलाय, त्यांना आधी आत घेतील. सरकारी नोकरी ना? लिहिता येतं?"

"येतं."

"मग लिहा. मी नवी तिकिटं देतो, याच गाडीनं जा."

त्यांच्या टेबलावर मी लिहिले: माझा भाऊ आजारी असून डब्यातून उतरताना तोल जाऊन पडला. माझे वडील त्यास धरावयास गेले असता तेही पडले व त्यांस इजा झाली. रेल्वेच्या नोकरांनी आम्हांस मदत केली. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. ते सांगत होते त्यापेक्षा माझी वाक्ये आखूड आणि नेटकी होती. मी सही केली. पुढे तीस वर्षे मी बातम्या लिहिल्या, पण इतकी खोटी एकही लिहिली नाही.

डब्यात आल्यावर वडिलांनी विचारले, "काय लिहून घेतलं?" मी म्हणालो, "पुढे जायची परवानगी." त्यांनी उजवा कान माझ्याकडे करून ते पुन्हा सांगायला लावले. कर्जतला मागून दुसरे इंजिन लागले. घाटात गाडी दिशा बदलायला थांबली तेव्हा भावाने डोळे उघडले आणि पाणी मागितले.

मी चौथ्या दिवशी मुंबईला परतलो. महिन्याच्या शेवटी त्यांना आणायला गेलो तेव्हा भाऊ स्टेशनावर चालत आला होता. रक्त दुसऱ्या आठवड्यात थांबले होते. गालांवर मांस चढले होते. वडिलांचा डावा कान मात्र गेला होता. कोर्टात साक्षीदारांची जबानी लिहून घ्यायची तर ऐकू यायला हवे.

"कल्याणला उतरायचं," भाऊ म्हणाला. "तक्रार गुदरायची. मी महिनाभर तेवढंच मनात घोळवतोय."

"राहू दे दादा. आता काय उपयोग?"

"बाबांचा कान गेलाय. आणि तू उपयोग विचारतोस?"

कल्याणला तो उतरून सरळ स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेला. मी दाराशी थांबलो. आत आवाज चढला, मग एकदम उतरला. मास्तरांनी कपाटातून कागद काढून त्याच्यापुढे धरला होता. माझे अक्षर त्याला लहानपणापासून माहीत होते. त्याने तो दोनदा वाचला आणि परत दिला.

बाहेर आल्यावर त्याने मला मारले. पहिला ठोसा तोंडावर, दुसरा बरगडीवर. मी पडल्यावर कॉलर धरून उठवले आणि पुन्हा मारले. माझा एक दात फलाटावर पडला. हमाल जमले. वडील डब्याच्या दारातून विचारत होते, "काय झालं? अरे, काय झालं?" भाऊ इतका वेळ मारत होता, आणि त्याला एकदाही खोकला आला नाही.