मोरीवरची झडती

बायको गेली त्याला आता तेरा महिने होतील. घरात दोन माणसं होती, एक उरलं. मूलबाळ नाही. ते का नाही हे ज्यांना ठाऊक होतं ती सगळी माणसं मेली, मी तेवढा राहिलो. म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत. घडलं तसं लिहिणार, सजवता येत नाही.

साल नक्की सांगता येणार नाही. तारापूरला अणुभट्टीचा पाया खणत होते, तेव्हाची गोष्ट. सगळीकडं दारूबंदी होती. आमच्या शिरगावहून पालघरला जाताना ओढ्यावर एक मोरी, छोटा पूल, लागायची, तिच्यावर पोलिसांनी आडवा बांबू टाकला होता. बैलगाडी असो, सायकल असो, डोक्यावर टोपली असो, थांबायचं. सायकलवाल्यानं उतरून तोंड उघडायचं. हवालदार तोंडाजवळ नाक आणून म्हणायचा, "हा कर." आपण हा करायचं. गाडीत पेंढा असला तर लोखंडी सळई खुपसून बघायचे. दुधाच्या कॅनमध्ये कोपरापर्यंत हात घालायचे, आणि तेच दूध पुढं पालघरात लोक पोरांना पाजायचे. कुणी बोलायचं नाही. बोललं की तासभर जास्त उभं राहायचं.

मी रोज सायकलनं पालघर, तिथून गाडीनं बोईसर आणि पुढं ठेकेदाराच्या ट्रकनं कामावर जायचो. बोईसर टेशनावर परत झडती. डबा उघडायला लावायचे. भाकरी आणि सुके बोंबील. माझ्याबरोबर एक उत्तरेकडचा भय्या होता, तो एकदा शिपायाला म्हणाला, "रोज खोलते हो साब, एक दिन खा भी लो." शिपाई हसला आणि त्याला दोन तास बसवून ठेवला. हसून बसवला, हे मी तेव्हा लक्षात ठेवलं.

त्या पावसाळ्यानंतर मुकादमानं सांगितलं, पुढं थोड्या माणसांना पक्क्या कामावर घेणार, गेटचा पास मिळणार. पण पोलिसांचा दाखला कोरा पाहिजे. "एकदा पोलिसात नाव लागलं की विसर," म्हणाला. आमची वाडी म्हणजे नारळाची अकरा झाडं आणि तीन भाऊ. पास मिळाला तर मी माणसात येणार होतो. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत होती. बाईची झडती बाईनंच घ्यायची असा कायदा, आणि मोरीवर बाई कधी नसायची. त्यामुळं जे दाखवायचं नाही ते बाईच्या कमरेला जायचं. धंदेवाले तर मोटारीच्या ट्यूबमध्ये दारू भरायचे, बाईच्या पोटाला बांधायचे, वरून लुगडं. बाई एक हात कमरेवर ठेवून आठवा महिना असल्यासारखी चालत मोरी पार करायची. गावात चेष्टा होती, अमक्याची बायको बारा महिने गरोदर, पण घरात पोर एकच. आम्ही हसायचो. मीही हसलोय.

माझ्या बायकोचं पहिलंच बाळंतपण होतं. तिची आई लहानपणीच गेलेली, म्हणून माहेरी एडवणला न पाठवता आमच्याकडंच ठेवली. कळा पहाटे सुरू झाल्या. सुईण दुपारपर्यंत बसली, मग हात धुऊन बाहेर आली आणि माझ्या आईला म्हणाली, "आडवं हाय. माझ्या हातचं नाय हे. पालघरला न्या."

शेजारच्या काकांची बैलगाडी होती. पेंढा पसरला, त्यावर गोधडी घातली, तिला निजवलं. काका हाकायला बसले, आई उशाशी. आईनं गाठोडं घेतलं, त्यात जुनी लुगडी, हळद आणि एक बाटली. आमच्याकडं बाळंतिणीच्या पोटाला नि कमरेला पहिल्या धारेची दारू चोळतात. थेंब तोंडात जात नाही. चोळली नाही तर बाईच्या अंगात वारा भरतो, असं जुन्या बाया सांगायच्या. आईनं ती बाटली दोन महिने आधी मिळवून तांदळाच्या पिपात पुरून ठेवली होती.

मला बाटलीचं माहीत नव्हतं. मोरीचा बांबू लांबून दिसला तेव्हा आईनं हळूच सांगितलं. गाठोडं तर ते सोडून बघणारच.

बायको म्हणाली, "टाका ती खाडीत."

तिला बोलायला त्रास होत होता, तरी बोलली. आई म्हणाली, "टाकू नको रे, परत मिळायची नाय. हिला लागंल."

आणि मी शहाणपणा केला. बाटली काढली आणि बायकोच्या कमरेला, निऱ्यांच्या आत खोचली. वर गोधडी ओढली. ती "नको, नको" म्हणत होती. मी म्हटलं, "गप ऱ्हा गं. बाईला हात लावत नाय ते."

मोरीवर दोघं होते, एक हवालदार आणि एक शिपाई. शिपायानं पेंढ्यात सळई घातली, तिच्या पायाशी. गाठोडं सोडलं, हळद हुंगली. मग हवालदार गाडीजवळ वाकला आणि थांबला. गाडीच्या हादऱ्यानं बाटलीचं बूच ढिलं झालं असणार. मलाही वास आला.

"काय रे, गरोदर?"

"होय साहेब. आडवं हाय. दवाखान्यात नेतोय."

"इथं सगळ्याच गरोदर. परवाची पण होती. बाई बोलावून बघितली तर चार शेर दारू निघाली पोटातून." मग शिपायाकडं वळून म्हणाला, "त्या बाळाला पण असाच वास होता."

शिपाई हसला. मी पण थोडा हसलो. हे लिहिताना लाज वाटते, पण हसलो. वाटलं, हसलं की सोडतील.

परवाचं आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून हुकूम निघाला होता, पोट दिसलं आणि संशय आला की बाई येईपर्यंत गाडी सोडायची नाही. हवालदारानं शिपायाला सायकलवर पालघरला पाठवलं, बाई आणायला. स्वतः झाडाखाली खाटेवर बसला. हात लावला नाही, आवाज चढवला नाही. कायद्यानं वागला. त्यानं वाईट काही केलं असतं तर मला आज बरं पडलं असतं.

आई पाया पडली. "लेकरा, तुझ्या आईसारखी मी. पोरगी मरंल रे."

"आजी, मी हात लावू शकत नाय. नोकरी जाईल माझी."

तेवढ्यात सातपाटीची एक कोळीण रिकामी टोपली घेऊन परत येत होती. थांबली, गाडीत डोकावली, आणि हवालदारावर तोंड सोडलं. "अरं मेल्या, ये ट्यूबचं पोट हाय व्हय? आठ पोरं काढली मी. ये पोट खाली उतरलंय, दिसत नाय तुला?"

हवालदार म्हणाला, "मावशी, वाट धर."

"मी बघते ना झडती. बाईच हाय मी. का मिशा दिसतात मला?"

"तुमी सगळ्या एका माळेच्या. सरकारी बाई पाहिजे."

"मंग तुझ्या सरकारला सांग, बाळंतपण थांबवून धर म्हणावं!"

काका हसले. कोळीण गाडीत चढलीच, बायकोचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं वारा घालत बसली. तिचा हात एकदा कमरेवर गेला आणि तिथंच थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

मी काय करायला पाहिजे होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. साहेब, बाटली इथं आहे, माझी आहे, मला धरा आणि गाडी सोडा. एवढंच. जीभ टाळ्याला चिकटली होती असं नाही. मी हिशेबानं गप्प होतो. पोलिसात नाव लागलं की पास गेला. सरकारी बाई येईल, पोट बघेल, तिलाही पोरं असतील, सोडून देईल. पालघर लांब नाही. आता येईल, आता येईल. ऊन झाडावरून उतरून गाडीवर आलं, मी गोधडी धरून सावली केली, आणि गप्प राहिलो.

शेवटी बायकोनंच केलं. कोळणीच्या हाताला धरून अर्धी उठली, निऱ्यांतून बाटली ओढली आणि हवालदाराच्या खाटेकडं भिरकावली. फुटली नाही. मातीत लोळत गेली.

"घ्या," म्हणाली. "माझी हाय. यांना ठाऊक नाय."

हवालदार उठला, बाटली हुंगली. मला वाटलं, आता तरी बांबू वर जाईल. पण मग पंचनामा आला. दोन पंच पाहिजेत. काका एक, दुसरा रस्त्यानं येईल तो. हवालदार लिहायला सावकाश. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, वय, गाव, बाटली किती भरली आहे. अर्ध्यात शाई संपली. मला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

मी नाही म्हटलं.

कोळीण गाडीतून थुंकली, रस्त्यावर. माझ्यावर नाही. पण मला कळलं.

मग बांबू वर गेला. काकांनी बैल पळवले. अर्ध्या वाटेवर शिपाई सरकारी बाईला सायकलच्या कॅरिअरवर बसवून येताना दिसला. आम्ही थांबलो नाही.

दवाखान्यात मूल काढलं, ते मेलेलं. मुलगी. बायकोचं आतलं सगळं फाटलं, पुढं मूल होणार नाही म्हणाले. मी डॉक्टरला विचारलं, लवकर आणलं असतं तर? त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाला, सांगता येत नाही, कदाचित सकाळीच गेलं असेल. ते "कदाचित" मी साठ वर्षं जपलं. त्यानं काही झालं नाही.

मुलीला मी आणि काकांनी शिरगावला किल्ल्याच्या मागं पुरली. बायको दवाखान्यातच होती.

दारूची केस तिच्या नावावर झाली. तीन महिन्यांनी पालघरच्या कोर्टात बोलावलं. ती धड चालत नव्हती. आत विचारलं, गुन्हा कबूल? ती होय म्हणाली. ताकीद देऊन सोडली. मी बाहेर वडाखाली उभा होतो. आत जाऊन बोलायला तेव्हाही वेळ होता.

माझा दाखला कोरा निघाला. पास मिळाला. चौतीस वर्षं काम केलं, पक्कं घर बांधलं. गावात लोक म्हणायचे, गडी नशिबाचा, बायकोचीच तेवढी कूस वाईट. तिच्या तोंडावर म्हणायच्या बाया. हळदीकुंकवाला बोलवायच्या नाहीत. भावाच्या बायकोनं एकदा म्हटलं, "दारूच्या केसची बाई, देव कशी देईल?" मी ओटीवर बसून ऐकलं. माझी बायको भांडी घासत राहिली. तिनं मला कधी एका शब्दानं टोचलं नाही. भांडली असती तर मी उलट बोललो असतो, दोघं मोकळी झालो असतो.

शेवटच्या दुखण्यात ती बिछान्यावरच होती. एका दुपारी मी पेज भरवत होतो. मध्येच म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुमी बोलला असता तर काम गेलं असतं ना?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हटलं, "गेलं असतं."

"मंग बरं केलं," म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड केलं.

पेज हातातच राहिली. तिनं मला सोडलं की शेवटचा टोला दिला, कळलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, ती खोटं बोलणारी नव्हती. आयुष्यात एकदाच खोटं बोलली, तेही माझ्यासाठी. मी विचारलं नाही. वाटी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन बसलो. त्यानंतर ती नऊ दिवस होती. नऊ दिवस मी रोज पेज भरवली, तिची कूस बदलली, आणि रोज गप्प राहिलो.